छोटी स्पोर्टी गाडी रोजच्या वापराला झेपेल का? नाशिककरांसाठी बुकिंगआधीची तपासणी

छोटी, चपळ, चांगल्या पिकअपची गाडी घ्यायची म्हटलं की बहुतेकांची सुरुवात शोरूमपासून होते. रविवारी सकाळची टेस्ट ड्राइव्ह, रस्ता मोकळा, शेजारी सेल्समन, मागची सीट रिकामी. दहा मिनिटांत मन बसतं. त्यानंतर घरी जी चर्चा होते, त्यात ठरलेल्या गोष्टीला कारणं जोडण्यापलीकडे फारसं काही घडत नाही. मग वर्षभरात आईला गाडीतून उतरताना हात द्यावा लागतो, सोसायटीच्या उतारावर बंपर घासतो, द्वारका चौकात डावा पाय भरून येतो, आणि चांगली गाडी तोट्यात विकायला निघते.

हे टाळायचं असेल तर क्रम बदला. टेस्ट ड्राइव्ह ही पाचवी पायरी आहे. तिच्याआधीच्या चार पायऱ्यांत गाडी चालू करायचीसुद्धा नाही. या चारांत नापास होणाऱ्या गाडीची टेस्ट ड्राइव्ह घेऊच नका, कारण एकदा स्टिअरिंग हातात आलं की नकार द्यायला फार जड जातं.

छोटी स्पोर्टी गाडी म्हणजे नेमकं काय, तेही आधी ठरवून घ्या. बाजारात चार प्रकार दिसतात. पहिला, स्विफ्टसारखी साधी पण चपळ हॅचबॅक. दुसरा, आय-२० एन लाइनसारखी टर्बो पेट्रोल हॅचबॅक, जिचं ९९८ सीसीचं इंजिन १२० पीएस ताकद देतं. तिसरा, मिनी कूपरसारखी दोन दरवाजांची महागडी गाडी. आणि चौथा, २०२२ मध्ये भारतात बंद झालेल्या पोलोच्या जीटी टीएसआयसारखी, फक्त वापरलेलीच मिळणारी गाडी. प्रत्येकीची अडचण वेगळ्या जागी आहे, त्यामुळे खालच्या पायऱ्या त्याच असल्या तरी अडणारी पायरी प्रत्येकीला वेगळी असेल.

तयारी: काय काय जवळ हवं

एक वही, तीन किंवा पाच मीटरची मेजटेप, सरळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी किंवा अडीच मीटरच्या आसपासचा सरळ पाइप (फॅब्रिकेशनवाल्याकडून तासाभरासाठी मागून आणता येतो), घरातली सगळ्यात मोठी बॅग, आणि घरातला गाडीबद्दल सगळ्यात कमी उत्साह असलेला माणूस. तो माणूस फार महत्त्वाचा आहे. त्याच्याशिवाय तिसरी आणि पाचवी पायरी करू नका.

पायरी १: दोन आठवड्यांचा प्रवास लिहून काढा

सध्या जे वाहन वापरता त्यावरचा प्रत्येक प्रवास दोन आठवडे लिहा. स्कूटर असली तरी चालेल. प्रत्येक फेरीपुढे पाच गोष्टी हव्यात: कुठून कुठे, किती माणसं, काय सामान, रस्त्यातली सगळ्यात वाईट जागा कोणती, आणि गाडी कुठे लावली.

सर्वसाधारण नाशिककराची नोंद कशी दिसते पाहा. पाथर्डी फाट्याहून सकाळी अंबडला कामावर, एकटा, डबा आणि लॅपटॉप. संध्याकाळी परतताना मुलाला क्लासहून घेऊन इंदिरानगर बोगद्यातून घरी. शनिवारी मेन रोड, गाडी लांब लावून पायी. रविवारी आई-वडिलांना घेऊन निफाडकडे गावी, येताना कांद्याची एक गोणी, भाजी आणि हंगाम असेल तर द्राक्षाचे दोन क्रेट. महिन्यातून एकदा वणीचा गड, वर्षातून तीनचार वेळा पुणे किंवा मुंबई.

आता या यादीतून दोन फेऱ्यांना गोल करा. एक, सगळ्यात जास्त वेळा होणारी. दुसरी, नेमाने होणाऱ्या फेऱ्यांतली सगळ्यात अवघड. वरच्या नोंदीत पहिली म्हणजे अंबडची फेरी आणि दुसरी म्हणजे पाच माणसं व गोणीसह गावची फेरी. गाडीची परीक्षा या दोन फेऱ्यांवर घ्यायची. समृद्धी महामार्गावर ती ताशी १२० ला किती शांत पळते, हे तिसऱ्या नंबरचं.

नेहमीची चूक: लोक मनातल्या प्रवासांसाठी गाडी निवडतात. पहाटे एकट्याने कसारा घाट उतरायचा, पावसाळ्यात पहिनेला जायचं. हे प्रवास तुमच्या वहीत दोन आठवड्यांत एकदाही आले नसतील, तर निर्णयात त्यांना तितकंच वजन द्या.

तपासा: अवघड फेरी नेमाने होत असेल आणि घरात दुसरी चारचाकी नसेल, तर तिथे पास होणं सक्तीचं समजा. दुसरी गाडी असेल तर बरीच मोकळीक मिळते, आणि दोन दरवाजांच्या गाडीचाही विचार करता येतो.

पायरी २: घर, सोसायटी आणि गल्ली मोजा

ही पायरी जवळपास कुणीच करत नाही. गाडी खाली घासण्याच्या बहुतेक तक्रारी मात्र इथूनच येतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ब्रोशरमध्ये ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाचं जमिनीपासूनचं अंतर, लिहिलेला असतो. स्विफ्टचा १६३ मिलिमीटर, आय-२० एन लाइनचा १७०. हा आकडा रिकाम्या गाडीचा आहे की भरलेल्या, हे विचारून घ्या. माणसं आणि सामान भरल्यावर गाडी बसते, आणि घासते ती नेमकी तेव्हाच. दुसरी गोष्ट, पुढच्या आणि मागच्या चाकामधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस. स्विफ्टचा २४५० मिलिमीटर, आय-२० चा २५८०. क्लिअरन्स सारखा असला तरी लांब व्हीलबेसची गाडी उताराच्या कडेवर पोटात लवकर टेकते.

बेसमेंटच्या उताराची वरची कड मोजायची पद्धत अशी. व्हीलबेसइतक्या लांबीची पट्टी त्या कडेवर आडवी टेकवा. मधोमध ठेवून ती अशी झुकवा, की दोन्ही टोकं जमिनीपासून सारख्याच उंचीवर येतील. ती उंची टेपने मोजा. पुढचं चाक कडेच्या एका बाजूला आणि मागचं दुसऱ्या बाजूला असताना कड गाडीच्या पोटात तेवढीच वर येणार. समजा मोजमाप १२ सेंटीमीटर आलं, आणि गाडीचा भरल्यावरचा क्लिअरन्स १३ असेल, तर फक्त एक सेंटीमीटर उरतो. ब्रेक दाबून उतरताना गाडीचं नाक आणखी खाली जातं. अशी गाडी त्या इमारतीत रोज घासणार हे लिहून ठेवा. माझ्या मते किमान ३ सेंटीमीटर उरायला हवेत.

स्पीड ब्रेकरचंही असंच मोजमाप घ्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनेप्रमाणे गोलाकार ब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. तसा असेल तर कोणतीही हॅचबॅक आरामात जाते. कॉलनीतल्या लोकांनी रात्रीतून सिमेंट ओतून केलेले अरुंद, टोकदार ब्रेकर ही खरी अडचण आहे. घरापासून मुख्य रस्त्यापर्यंतचा सगळ्यात उंच ब्रेकर शोधा आणि रहदारी नसताना त्याची उंची मोजा. १५ सेंटीमीटर भरली तर भरलेली स्विफ्ट किंवा आय-२० तिथे तिरकी घालूनच काढावी लागेल. समोरून रिक्षा येत असताना ते जमेल का, याचाही विचार करा.

पार्किंगची जागाही मोजा. रुंदी मोजताना खांब धरा. दोन दरवाजांच्या गाडीचे दरवाजे लांब असतात, त्यांना शेजारच्या गाडीपासून जास्त मोकळी जागा लागते. लिफ्टचं मेकॅनिकल पार्किंग असेल तर प्लेटच्या कडेला पुढचा बंपर लागतो का, हे सोसायटीतल्या तशाच गाडीच्या मालकाला विचारा. टेपपेक्षा ते उत्तर खात्रीचं.

सावधान: सिंहस्थ २०२७ मध्ये आहे आणि त्याच्या तयारीसाठी शहरातले रस्ते उकरले जात आहेत. आज गुळगुळीत असलेला तुमचा रस्ता वर्षभर कच्चा राहू शकतो. वहीत मुख्य रस्त्यासोबत पर्यायी रस्ताही लिहा आणि त्यावरचे ब्रेकर मोजा.

पायरी ३: शोरूममध्ये बसून पाहा, इंजिन बंद

घरातल्या सगळ्यांना घेऊन जा. आधी चालकाची सीट स्वतःसाठी नीट लावा: क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहील इतकी पुढे. मग तिला हात न लावता तिच्या मागे जाऊन बसा. बहुतेक लोक उलट करतात. सेल्समनने आधीच पुढे सरकवून ठेवलेल्या सीटमागे बसतात आणि "जागा आहे की भरपूर" म्हणतात.

ज्येष्ठांची परीक्षा आत बसण्यापेक्षा बाहेर पडण्यात होते. आई-वडिलांना लागोपाठ तीन वेळा बसायला आणि उतरायला सांगा. पहिल्या वेळी सगळेच उमेदीने उतरतात. तिसऱ्या वेळी हात दरवाजाच्या खांबाकडे जातो का, गुडघ्यावर जोर देऊन उठावं लागतं का, ते पाहा. स्पोर्टी सीटच्या कडा उंच असतात. वळणावर त्या अंगाला धरून ठेवतात, पण साडी नेसलेल्या किंवा गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्या ओलांडताना त्रास होतो. आईने "चालेल रे, काय तेवढं" असं म्हटलं तरी डोळ्यांनी पाहिलेलंच वहीत लिहा. आपली माणसं आपल्या हौसेसाठी नाही म्हणत नाहीत.

मागच्या सीटवर तिघांना बसवून दहा मिनिटं दार लावून ठेवा. एसीची हवा मागे कुठून येते, मधल्याच्या डोक्याला छप्पर लागतं का, काळ्या अस्तरामुळे कोंडल्यासारखं होतं का? एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला पोचतो तेव्हा याच सीटवर घरची माणसं असतील. लहान मूल असेल तर बेबी सीट सोबत न्या, आयसोफिक्सच्या (सीटमध्ये बेबी सीटसाठी दिलेल्या) कड्यांत अडकवा आणि मग पुढची सीट किती पुढे घ्यावी लागते ते बघा.

मग डिकी. स्विफ्टची २६५ लिटर, आय-२० ची ३११. लिटरचा आकडा सोडा, तुमची मोठी बॅग ठेवून पाहा. डिकीच्या तोंडाचा उंबरा जमिनीपासून किती वर आहे तेही मोजा, कारण गोणी तिथपर्यंत उचलायची तुम्हालाच आहे. क्रेट आडवा बसतो का? व्हीलचेअर लागत असेल तर तीच घेऊन जा.

तपासा: याच भेटीत आणखी एक मोजमाप उरका. रिकाम्या गाडीत मागच्या चाकाच्या कमानीची जमिनीपासूनची उंची मोजा, मग पाचही जण बसल्यावर पुन्हा मोजा. जेवढा फरक येईल, तेवढी गाडी मागे बसते. पायरी २ मधलं गणित आता या फरकाने पुन्हा करा.

पायरी ४: टायर, गिअरबॉक्स आणि स्टेपनी यांचे आकडे वाचा

टायरच्या बाजूवर १९५/५५ आर १६ असं लिहिलेलं असतं. १९५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ५५ म्हणजे रबराच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, आणि १६ म्हणजे रिम किती इंची. गुणाकार केला की भिंत १०७ मिलिमीटर निघते. हा आय-२० एन लाइनचा टायर. स्विफ्टच्या वरच्या व्हेरिएंटचा टायर १८५/६५ आर १५, म्हणजे भिंत १२० मिलिमीटर. तिच्याच खालच्या व्हेरिएंटचा १६५/८० आर १४, भिंत १३२.

खड्डा आला की आधी दबते ती ही भिंत. ती जितकी कमी तितकं वळणावर स्टिअरिंग नेमकं, आणि तितकाच खड्ड्यात रिम वाकण्याचा, टायरला फुगा येण्याचा धोका जास्त. पावसाळ्यात त्र्यंबक रोडला किंवा पेठ रोडला पाण्याखालचा खड्डा दिसतच नाही. वहीत रोजच्या रस्त्यावर असे पट्टे असतील, तर मी ११० मिलिमीटरपेक्षा कमी भिंतीचा टायर घ्यायला सुचवणार नाही. घेतलाच तर विम्यात टायर-रिमचं संरक्षण जोडा आणि हवा दर पंधरा दिवसांनी तपासा. कमी हवेचा बारीक भिंतीचा टायर पहिल्याच जोरदार दणक्यात जातो.

नेहमीची चूक: गाडी घेतल्यावर दिसायला छान म्हणून एक इंच मोठे अलॉय टाकणं. एकूण व्यास तोच ठेवायचा तर रबर कमी करावंच लागतं. कंपनीने त्या वजनासाठी बसवलेलं सस्पेन्शन आणि टायरचं गणित त्यात बिघडतं.

गिअरबॉक्स निवडताना तुमची गोल केलेली पहिली फेरी समोर ठेवा. मॅन्युअलमध्ये मजा सगळ्यात जास्त, पण मुंबई नाक्यापासून द्वारकेपर्यंत संध्याकाळी रोज हाफ क्लचवर सरकावं लागत असेल तर पाय आणि क्लचप्लेट दोन्ही झिजतात. ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लच आपोआप चालवणारा गिअरबॉक्स, वेगात अप्रतिम आहे. त्याला सरकत्या रहदारीचा त्रास होतो, कारण वरून ऑटोमॅटिक दिसला तरी आत क्लचच घासत असतो आणि तापतो. अशी गाडी घेतली तर पुढच्या गाडीपाठोपाठ इंचइंच सरकवू नका. थांबा, दोन गाड्यांचं अंतर पडू द्या, मग एकदम पुढे न्या. चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक वापरा. टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स या कामात जास्त सोशिक आहे.

टर्बो इंजिनाबद्दल एवढंच, की त्याचा जोर थोडा वर, साधारण १५०० ते १८०० आरपीएमनंतर (इंजिनाचे मिनिटाला फेरे) जाणवतो. त्याखाली गाडी सुस्त वाटू शकते. घाटात भरलेली गाडी ओढताना मात्र हेच इंजिन साध्या इंजिनापेक्षा मोकळं वाटतं.

आणि स्टेपनी आहे का, असली तर पूर्ण आकाराची आहे की बारीक, हे डिकीचं अस्तर उचलून स्वतः पाहा. मिनीसारख्या गाडीत रन-फ्लॅट टायर असतात. हवा गेल्यावरही ते साधारण ताशी ८० च्या आत, ८० किलोमीटरपर्यंत चालतात, पण मग नवा टायर लागतो. हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडे तो मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

पायरी ५: टेस्ट ड्राइव्ह, तुमच्या रस्त्यावर आणि तुमच्या वेळेला

शोरूमला आधीच सांगा: रविवार सकाळ नको, कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसहा हवी, आणि रस्ता मी ठरवणार. नाही म्हणाले तर दुसऱ्या डीलरकडे विचारा. तरीही जमलं नाही, तर सेल्फ-ड्राइव्ह भाड्याने तेच मॉडेल एका शनिवार-रविवारपुरतं घ्या. लाखांच्या निर्णयापुढे तो खर्च किरकोळ आहे, आणि शोरूमच्या पंधरा मिनिटांत जे कळत नाही ते दोन दिवसांत कळतं.

क्रम असा ठेवा.

१. म्युझिक सिस्टिम बंद. एसी चालू. मागे दोन माणसं, त्यांपैकी एक तो उत्साह नसलेला.

२. आधी गर्दी. द्वारका, मुंबई नाका, शालिमार, जो तुमच्या नोंदीत असेल तो चौक. क्लच किती जड, दुसऱ्या गिअरमध्ये ताशी १५ ते २० ला गाडी धक्के न देता चालते का, मागचं नीट दिसतं का. स्पोर्टी गाड्यांची मागची काच लहान आणि खांब जाड असतात, रिक्षा आणि दुचाकी त्या खांबामागे लपतात.

३. मग कॉलनीतला मोजलेला ब्रेकर आणि पेव्हर ब्लॉकचा खडबडीत पट्टा, ताशी २० ते ३० च्या वेगाने. कडक सस्पेन्शन हळू वेगातच जास्त आदळतं. याच वेळी मागच्यांना विचारा, स्वतःच्या पाठीवर भिस्त ठेवू नका. चालकाला धक्के कमीच जाणवतात, कारण तो खड्डा आधी पाहून तयार असतो.

४. परवानगी मिळाली तर स्वतःच्या पार्किंगचा उतार. दोनदा, एकदा रिकामी आणि एकदा भरलेली.

५. सगळ्यात शेवटी मोकळा रस्ता. सिमेंट काँक्रीटचा पट्टा असेल तर उत्तम, कारण टायरचा आवाज त्यावर खरा कळतो. नाशिक-मुंबई नेमाने करणाऱ्यांनी याकडे जास्त लक्ष द्यावं. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाल्यापासून बरेच जण त्याच रस्त्याने जातात, आणि काँक्रीटवर तासभर चाललेली घरघर डोकं उठवते.

क्रम उलटा केलात, आधी मोकळा रस्ता घेतलात, तर त्या आनंदात पुढचे धक्के माफ होतात. म्हणून हे क्रमांक बदलू नका.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची तपासणी. गंगापूर रोडवर ताशी ४० च्या वेगात गाडी तुम्हाला आनंद देते का? स्टिअरिंगचा प्रतिसाद, गिअर बसतानाचा खटका, वळणावर गाडीचं न झुकणं, हे हळू वेगातही जाणवतं. काही गाड्या इथेच मन जिंकतात. काहींची मजा मात्र ताशी ११० नंतर सुरू होते, आणि तो वेग तुमच्या रोजच्या रस्त्यावर कायद्यानेही नाही आणि जागेनेही नाही. रोजच्या वापरासाठी स्पोर्टी गाडी घ्यायची तर पहिल्या जातीची घ्या, कागदावर ताकद कमी दिसली तरी.

सावधान: पावसाळ्यात चाचणी मिळाली तर सोनं समजा, पण साचलेल्या पाण्यात गाडी घालू नका. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करू नका. इंजिनात पाणी गेलेलं असेल तर तेवढ्याने कनेक्टिंग रॉड वाकतो.

पायरी ६: पैशांचा हिशेब, ईएमआय सोडून

ईएमआय सगळेच काढतात. बाकीचं सुटतं.

अ‍ॅव्हरेज ब्रोशरचा धरू नका, त्याच मॉडेलच्या मालकाचा शहरातला विचारा. महिन्याला १००० किलोमीटर, पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर १८ च्या अ‍ॅव्हरेजला सुमारे ५,८०० रुपये लागतात, १३ च्या अ‍ॅव्हरेजला सुमारे ८,१००. दरमहा तेवीसशेच्या आसपासचा फरक. टर्बो गाडी पायावर फार अवलंबून असते, दाबली की ती साध्या इंजिनापेक्षा झपाट्याने जास्त पिते.

कराचे टप्पे नीट पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के आहे, त्यापुढच्या पेट्रोल गाड्यांवर ४० टक्के. म्हणून एक लिटरच्या टर्बो हॅचबॅक स्वस्त गटात बसतात आणि दोन लिटरची मिनी बसत नाही. महाराष्ट्रात वैयक्तिक पेट्रोल गाडीला वाहन कर १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के, त्यावर १३ टक्के. समजा एक व्हेरिएंट ९ लाख ९० हजारांचा आहे आणि वरचा १० लाख १० हजारांचा. किमतीत फरक २० हजारांचा, पण करात साधारण १२ हजारांचा आणखी फरक पडतो. सनरूफसाठी वरच्या व्हेरिएंटवर जाताना हा हिशेब करा.

थर्ड पार्टी विम्याचे गट १००० सीसीपर्यंत, १००० ते १५०० आणि त्यापुढे असे आहेत, त्यामुळे ९९८ सीसीची टर्बो गाडी ताकद जास्त असूनही खालच्या गटात जाते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र गाडीच्या किमतीवर ठरतो. दोन्ही आकडे कोटेशनवर वेगळे लिहून मागा.

चार टायरांचा पूर्ण संच, पुढचा बंपर आणि एक अलॉय रिम यांची आजची किंमत सर्व्हिस सेंटरच्या पार्ट्स काउंटरवर विचारा. अधिकृत सर्व्हिस नाशिकमध्येच होते की मुंबई-पुण्याला जावं लागतं, हेही तिथेच कळेल.

पायरी ७: वापरलेली गाडी असेल तर

नव्या गाडीवाल्यांनी ही पायरी सोडावी.

स्पोर्टी गाडीचा आधीचा मालक ती कशी चालवत होता हे किलोमीटरवरून कळत नाही. टायर बघा. प्रत्येकाच्या बाजूवर, कोडच्या शेवटी, तो कधी बनला ते सांगणारे चार अंक असतात: २३२२ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या तारखांचे, किंवा फक्त पुढचे दोन लवकर बदललेले असतील, तर गाडी दाबून चालवली असण्याची शक्यता आहे. रिमच्या आतल्या कडेवरून बोट फिरवा, ठोकून सरळ केलेला रिम हाताला लागतो. गाडी लिफ्टवर घेऊन चेंबरखालचे (इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी) ओरखडे पाहा.

ईसीयू रिमॅप (ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरची बदललेली सेटिंग), बदललेला एक्झॉस्ट, खाली केलेली स्प्रिंग यांबद्दल थेट विचारा. कंपनीच्या रचनेत असे फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं बंधन आहे, आणि अपघातानंतर विमा कंपनी तेच कारण पुढे करू शकते. "मूळ पार्ट सोबत देतो" हे उत्तर मिळालं तर ते आधी बसवून द्यायला सांगा, मग बोला.

ड्युअल क्लचची गाडी थंड असताना आणि अर्धा तास गर्दीत फिरवल्यावर, अशी दोन्ही वेळा चालवा. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गरम झाल्यावर थरथर येत असेल तर सोडून द्या. परिवहनच्या पोर्टलवर चलन, कर्जाचा बोजा आणि विमा तपासा. पैसे देताना फॉर्म २९ व ३० वर सह्या हव्यात, कर्ज होतं तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ सुद्धा. गाडी एमएच-१५ ची नसेल तर फॉर्म २८ च्या ना-हरकतीचं काम कोण करणार, ते व्यवहाराआधी ठरवा.

पायरी ८: निर्णय, आणि बुकिंगची पावती

वहीचं एक पान घ्या आणि नकाराच्या अटी तपासा. यांपैकी एकही खरी निघाली तर ती गाडी नाही:

- भरलेली गाडी घरच्या उतारावर किंवा न टाळता येणाऱ्या ब्रेकरवर घासते.
- घरात नेमाने प्रवास करणाऱ्यांपैकी निदान एकाला आधाराशिवाय उतरता येत नाही, आणि घरात दुसरी गाडी नाही.
- नेमाची अवघड फेरी पूर्ण सामानासह होत नाही, आणि घरात दुसरी गाडी नाही.
- पायरी ६ चा महिन्याचा एकूण खर्च ईएमआयसह तुमच्या ठरलेल्या आकड्याबाहेर जातो.

नकार आला तर लगेच एसयूव्हीकडे वळू नका. अनेकदा तीच गाडी साध्या व्हेरिएंटमध्ये, लहान रिम आणि जाड भिंतीच्या टायरवर, अडचणीच्या अर्ध्या गोष्टी सोडवते आणि स्टिअरिंगची गंमत बरीचशी शाबूत ठेवते. तिच्यासाठी पायरी २ आणि ५ पुन्हा करा, बाकीच्या तशाच राहतात.

एकही अट खरी निघाली नाही आणि ताशी ४० ची परीक्षा पास झाली, तर गाडी निर्धास्त घ्या. रोज अंबडला जाण्याची वीस मिनिटं आवडीने जाणं ही किरकोळ गोष्ट नाही, त्यासाठी थोडा जास्त खर्च करणं मला पूर्ण पटतं. "लग्न झालंय, आता मोठी गाडी घे" असं सांगणाऱ्यांना वही दाखवा.

बुकिंग करताना पावतीवर मॉडेल, व्हेरिएंटचं पूर्ण नाव, गिअरबॉक्स, टायरचा आकार, रंग, ठरलेली सवलत आणि बुकिंग रद्द केल्यास किती रक्कम किती दिवसांत परत मिळेल, हे सगळं लिहून शिक्का घ्या. अ‍ॅक्सेसरीज आणि विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही, कोटेशनमध्ये त्या ओळी आधीच भरलेल्या असतील तर काढायला सांगा. गाडी आल्यावर नोंदणीआधी यार्डात जाऊन चेसिस नंबर, टायरचे चार अंक आणि बंपरची खालची कड दिवसाउजेडी पाहा. ती कड तिथेच घासलेली असेल तर नोंदणी होण्याआधी लेखी कळवा. नोंदणी झाल्यावर गाडी बदलून मिळणं फार अवघड होऊन बसतं.